अकरा नंबर आणि पाण्याखालचा पाट

उंदीर म्हातारा होतो, असं सांगितलं की लोकांना हसू येतं. माझा साडू तर प्रत्येक लग्नात विचारतो, "अप्पा, मांजर त्याला म्हातारं होऊ देईल तवा ना?" आणि दर वेळी नवाच विनोद केल्यासारखा मांडीवर थाप मारून हसतो. आता त्याला काय सांगावं? तेवीस वर्षं मी पांढरे उंदीर सांभाळले. पाटोद्याच्या रस्त्याला माळावर आमचं फार्मसी कॉलेज आहे, तिथल्या प्राणीघरात. कागदावर मी परिचर, पोरांना अप्पा, आणि गावात, पाठीमागं, उंदीरवाला.

तर ऐका. पांढरा उंदीर दोन वर्षांचा झाला की आपल्याकडच्या पंचाहत्तरीच्या माणसासारखा दिसतो. पाठीला बाक येतो, केस विरळ होतात, मागचे पाय फेंगडे पडतात. त्याच्या पावलांना शाई लावून कागदाच्या पट्टीवरून चालवलं की सगळं कळतं. तरुणाचे ठसे सरळ, एकामागं एक. म्हाताऱ्याचे फरफटलेले. दुसरी तपासणी फिरत्या दांड्याची. हळूहळू वेग वाढणाऱ्या आडव्या दांड्यावर उंदीर सोडायचा आणि किती वेळ टिकतो ते बघायचं. खाली मऊ गादी असते, घाबरू नका. तरुण पोरगं मजेत चालत राहतं, म्हातारं दोन चकरांत गादीवर.

तिसरी तपासणी आठवणीची. हे सगळं लिहायला बसलोय ते तिच्यामुळंच. जनावरांना पाणी पाजायचा गोल प्लास्टिकचा हौद असतो ना, तसला एक आम्ही माजलगावच्या बाजारातून आणला होता. त्यात कोमट पाणी, पाण्यात काळा रंग, आणि पाण्याच्या बोटभर खाली एक छोटा पाट. पाट वरून दिसत नाही. उंदीर पाण्यात सोडायचा. त्याला पोहता येतं, पण आवडत नाही. धडपडत धडपडत कधीतरी पाय पाटाला लागतो आणि तो वर चढून बसतो. रोज असं केलं की पाट कुठं आहे ते त्याच्या ध्यानात राहतं. भिंतीवर आम्ही मोठाले चौकोन, गोल, त्रिकोण चिकटवलेले असायचे, ती त्याची खूण. चार-पाच दिवसांत तरुण उंदीर सरळ पाटाकडं जातो. म्हातारा गोल गोल फिरत राहतो. साठ सेकंदांत नाही सापडला, तर आपण उचलायचा, फडक्यानं पुसायचा, दिव्याखाली उबेला ठेवायचा.

उचलण्याचं काम माझं. मी नेहमी पाटाला लागूनच हौदाबाहेर उभा राहायचो. उंदीर चढला की ओंजळ पुढं करायची, की आला हातात. पाणी सांडत नाही, वेळ जात नाही. ही पद्धत माझी स्वतःची होती, आणि नव्या पोरांना शिकवताना मी तिची जरा जास्तच फुशारकी मारायचो.

रेखा मॅडम आमच्याकडं शिकवायला होत्या. आष्टीकडच्या. आई-वडील दर हिवाळ्यात कोयता घेऊन कारखान्यावर जायचे, आणि ही पोरगी गावातल्या हंगामी वसतिगृहात राहून शिकली. बोलायला मोजकी, पण कामाला वाघीण. त्यांचं पीएच.डी.चं काम शेवग्याच्या पाल्यावर होतं. पाल्याचा अर्क पाजला तर म्हाताऱ्या उंदरांची आठवण टिकते का, असा प्रश्न. त्यासाठी आधी उंदीर म्हातारे करावे लागतात, आणि त्याला दोन वर्षं लागतात. ती दोन वर्षं कुणी सांभाळायचे? अर्थात अप्पांनी.

आम्ही जन्मापासून वाढवले. नर एकमेकांना फाडतात म्हणून सगळ्या माद्याच घेतल्या. डोक्यावर, पाठीवर, शेपटीच्या बुडाशी पिवळ्या रंगाच्या खुणा करून प्रत्येकीला नंबर. अर्ध्यांना अर्क, अर्ध्यांना नुसतं पाणी. रोज सकाळी मी एकेकीला ओंजळीत घेऊन वजन करायचो. शेपटीला धरून उचलणं मला कधी पटलं नाही. तुम्हाला कुणी शेंडीला धरून उचललं तर चालेल का?

त्या मे महिन्यात मात्र घात झाला. एका दुपारी पश्चिमेच्या खोलीतला कूलर बंद पडला. मी जेवायला गेलो होतो. परत येऊन दार उघडलं तर भट्टीत तोंड घातल्यासारखं झालं. त्या खोलीत नुसतं पाणी पाजायचा गट होता. आम्ही ओली पोती टाकली, बर्फ आणला, पण संध्याकाळपर्यंत त्यातली एकसुद्धा राहिली नाही. रेखा मॅडम पिंजऱ्यांसमोर खाली बसल्या ते उठेचनात. माझं जेवण तेवढं लांबलं नसतं तर, हा विचार अजून मला सोडत नाही.

अर्काच्या गटातल्या नऊ जणी दुसऱ्या खोलीत होत्या म्हणून वाचल्या. पण तुलनेला दुसरा गट पाहिजेच. मग मॅडमच्या गाईड सरांनी हैदराबादेहून आठ म्हाताऱ्या माद्या मागवल्या. त्याच वयाच्या, त्याच जातीच्या. पण स्वभावानं भारीच चावऱ्या. पहिल्याच दिवशी एकीनं माझ्या अंगठ्याचं रक्त काढलं. त्यांना मी चिमट्यानंच धरायचो, शेपटीला. माझा नियम मी त्यांच्यापुरता मोडला, आणि त्यात काही चूक आहे असं मलाही वाटलं नाही, कुणालाही वाटलं नाही.

दिवाळीनंतर आठवणीची तपासणी सुरू झाली, ताडून बघायला काही तरुण माद्याही घेतल्या. आणि काय सांगू! हैदराबादच्या आठ जणी नेहमीसारख्या भरकटायच्या. आमच्या नऊ जणी चौथ्या दिवशी सुळसुळ पाटाकडं! त्यातली अकरा नंबर तर अशी यायची की बघत राहावं. दोन्ही डोळ्यांत सारा आलेला, नजर अंधुक, मागचा एक पाय निकामी, दांड्यावर क्षणभर टिकत नव्हती, पण पाण्यात सोडली की वळायची आणि नाकाच्या शेंड्यानं पाणी कापत सरळ पाटावर.

गाईड सर दोनदा येऊन बघून गेले. तिसऱ्यांदा आमच्या संस्थेच्या अध्यक्षांना घेऊन आले. अध्यक्ष म्हणजे राजकारणातला माणूस, मागं दहा-बारा कार्यकर्ते. उंदरांच्या खोलीत एवढी माणसं कधी आणायची नसतात, पण बोलणार कोण? अकरा नंबरनं पाट गाठला तेव्हा एका कार्यकर्त्यानं चक्क टाळ्या वाजवल्या. अध्यक्ष म्हणाले, "सर, हे आपल्या जिल्ह्याचं नाव काढणार. बाटल्या भरायला लागा." दुसऱ्या दिवशी फाट्यावर फ्लेक्स! अध्यक्षांचा फोटो मोठा, शेवग्याची डहाळी लहान, उंदीर कुठंच नाही.

रेखा मॅडमला प्रबंध डिसेंबरअखेर द्यायचा होता. मुदत दोनदा वाढवून झालेली, तिसऱ्यांदा मिळणार नव्हती. प्रबंध नाही तर डिग्री नाही, आणि डिग्री नाही तर शिकवायची जागाही नाही, असं त्यांना लेखी कळवलेलं होतं. पण आता काळजी नव्हती. फक्त शेवटची एक परीक्षा उरली होती. तीत पाट काढून घेतात. उंदीर पाटाच्या जागी जाऊन शोधत राहिला, तर त्याला जागा खरंच आठवते असं धरायचं.

त्या दिवशी माझी कंबर धरली होती. पाट नव्हताच, म्हणून उचलायची घाई नव्हती. मी समोरच्या बाजूला स्टूल टाकून बसलो. मॅडमनी अकरा नंबर पाण्यात सोडली. ती एकदा गोल फिरली, थबकली, आणि माझ्याकडं आली. पाटाची जागा सोडून, बरोबर उलट्या बाजूला, माझ्यासमोर येऊन हौदाच्या कडेला पाय मारायला लागली.

मॅडम घड्याळात बघत पुटपुटल्या, "आज अकराला काय झालं?"

मला शंका आली. मी स्टूलावरून उठलो आणि चार पावलं डावीकडं सरकलो. अकरा नंबर डावीकडं वळली. मी परत उजवीकडं आलो. तीही आली.

भिंतीवरचे चौकोन-त्रिकोण गेले खड्ड्यात! सारा आलेल्या डोळ्यांना ते दिसतच नव्हते. तिला दिसत होता तो एक पांढऱ्या सदऱ्यातला, ढेरपोट्या, ओळखीचा अप्पा. अप्पापाशी गेलं की पाण्यातून सुटका होते, एवढंच ती शिकली होती. आणि हैदराबादच्या बिचाऱ्या? त्यांच्या लेखी अप्पा म्हणजे शेपटी ओढणारा चिमटा. त्या माझ्याकडं कशाला येतील? त्या तर माझ्यापासून लांबच पळत असणार. सगळ्या प्रयोगात शेवगा कुठंच नव्हता. होतो तो मी.

मॅडमला मी त्या दिवशी काहीच बोललो नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. खोटं कशाला सांगू, मी स्वतःची समजूत घालत होतो. एक अकरा नंबर चुकली म्हणून काय झालं? बाकीच्या आठ जणींचा आकडा चांगलाच दिसत होता, कारण कंबर जरा बरी वाटल्यावर मी उठून नेहमीच्या जागी जाऊन उभा राहिलो होतो. सवयीनं राहिलो की मुद्दाम, हे आज छातीठोक सांगता येत नाही. पोरीची नोकरी वाचत होती. पाल्यानं कुणी मरत नाही. मग आपण कशाला तोंड उघडायचं? असं मी तीन दिवस स्वतःला सांगितलं, आणि तीन दिवस माझं जेवणावर मन नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी प्राणीघराच्या दारात एक जीप थांबली. माजलगावकडचे एक बागायतदार उतरले. सत्तरी पार केलेले, पांढरं धोतर, हातात स्टीलचा मोकळा डबा. फाट्यावरचा फ्लेक्स वाचून आले होते.

"अप्पा तुमीच ना?" त्यांनी विचारलं. "उंदरं म्हातारपणी बी वाट इसरत न्हाईत म्हणं तुमच्या औषधानं."

मी म्हटलं, "तात्या, अजून ते औषध नाही. प्रयोग चाललाय नुसता."

"आवो, थोडं द्या की. आमच्या मंडळीला पायजे." त्यांनी जीपकडं मान वळवली. मागच्या सीटवर एक म्हातारी बसली होती, हिरवं लुगडं, डोक्यावर पदर. "लई हुशार बाई हुती. सारा कारभार तिला तोंडपाठ. आता मला 'भाऊ' म्हणती. पन्नास वर्सं संसार केला, अन् मला म्हणती, भाऊ, आमच्या घरच्यांना निरोप द्या, लई वेळ झाला. लातूरच्या डाक्टरच्या गोळ्या चालू हायत, त्या आजपासून बंद केल्या. आता हेच द्यायचं."

"गोळ्या बंद करू नका," मी एकदम ओरडलोच.

"कावून?"

कावून! काय सांगणार होतो मी? तात्या माझ्याकडं बघत उभे होते, डबा पुढं करून. मी म्हटलं, "तात्या, माझ्या उंदरांची शपथ घेऊन सांगतो, यात काही नाही. गोळ्या चालू ठेवा." ते रागावले. "मोठ्या लोकांना देत असाल, आमाला न्हाई," असं म्हणत जीपमध्ये बसले. म्हातारी जाताना माझ्याकडं बघून छान हसली.

मी तिथूनच तडक मॅडमच्या खोलीत गेलो आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. अकरा नंबर, स्टूल, चिमटा, बाकीच्या आठ जणींच्या वेळी पुन्हा जाऊन उभा राहिलो तेसुद्धा.

मॅडमनी समोरचे लिहिलेले कागद पालथे घातले. मग म्हणाल्या, "तीन दिवस, अप्पा? तीन दिवस तुम्ही माझ्यासमोर चहा पीत होतात!"

मला मान वर करता येईना.

"मी प्रबंधाचं शेवटचं प्रकरण लिहून काढलं या तीन दिवसांत," त्या म्हणाल्या. आणि मग रडल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा रडताना बघितलं. मे महिन्यातसुद्धा रडल्या नव्हत्या.

गाईड सरांना कळलं तेव्हा त्यांनी दार लावून घेतलं. मला बाहेर ऐकू येत होतं. "एका परिचराच्या सांगण्यावरून तुम्ही दोन वर्षांचं काम मातीत घालणार? आकडे आहेत, ते द्या. कशाला उकरून काढता?" मॅडमचा आवाज हळू होता, पण ठाम होता. "सर, पुन्हा करून बघते. अप्पा न दिसता. तेच आकडे आले तर तेच देईन." सर म्हणाले, "आणि नाही आले तर?" मॅडम दार उघडून बाहेर आल्या.

प्राण्यांवरच्या प्रयोगांना मंजुरी देणाऱ्या समितीची परवानगी धावतपळत आणली. हातात पंधरा दिवस, आणि उंदीर आणखी म्हातारे होत चाललेले. हा समूह संपला की पुन्हा दोन वर्षं. आम्ही पाट नव्या जागी ठेवला. खोलीच्या कोपऱ्यात दोरीवर सतरंजी टांगली आणि मला तिच्यामागं बसवलं. पाणी गरम ठेवायला आणि फडकी द्यायला माणूस लागतच होता, पण तो दिसायचा नाही, बोलायचा नाही, खोकायचा नाही. उचलायला मॅडमनी लांब दांड्याची जाळी केली, आणि प्रत्येक वेळी त्या वेगळ्या बाजूला उभ्या राहायच्या.

तुम्ही कधी नुसत्या आवाजावर जीव टांगून बसलात का? पाण्यात उंदीर सोडल्याचा बारीकसा डुबुक आवाज. मग पाय मारल्याचा. तरुण उंदरांचा आवाज थोड्या वेळानं थांबायचा, म्हणजे पाट सापडला. आमच्या म्हाताऱ्यांचा थांबायचाच नाही. एक झाली, दोन झाल्या, पाच झाल्या. प्रत्येक वेळी साठ सेकंद भरायचे आणि मग जाळीचा आवाज. सतरंजीमागं बसून मला सगळं कळत होतं. मॅडमची डिग्री माझ्या कानांसमोर बुडत होती.

चौथ्या दिवशी अकरा नंबरची पाळी आली. डुबुक. मग पाय. आवाज भिंतीच्या कडेकडेनं गोल फिरत राहिला. मी मनातल्या मनात मोजत होतो. तीस झाले. पस्तीस. आवाज सतरंजीच्या बाजूला आला आणि तिथंच घुटमळायला लागला. माझा वास लागला असेल, दुसरं काय? चाळीस. पाय मारण्याचा आवाज मंद झाला, मध्येच थांबला, पुन्हा सुरू झाला, पुन्हा थांबला. मी उठलो. हात सतरंजीला लागलाच होता.

"अप्पा, हलू नका," पलीकडून मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, ती बुडतीये!"

"मला दिसतंय. हलू नका म्हणते ना!"

आणि त्याच क्षणी जाळीचा आवाज झाला. साठ भरायच्या आधीच त्यांनी तिला उचललं होतं. वहीत तसंच लिहिलं, वेळेसकट, की दमल्यामुळं लवकर काढली. मी बाहेर आलो तेव्हा अकरा नंबर दिव्याखाली फडक्यात होती, बरगड्या लपलप हलत होत्या. मी हात जवळ नेला तर तिनं अंगठ्यावर नाक टेकवलं. मॅडम वहीत बघत होत्या. "दोन्ही गट सारखेच, अप्पा," त्या म्हणाल्या. "शेवग्यानं काहीच होत नाही."

त्यांनी तेच लिहिलं. प्रबंधाचं नावसुद्धा बदललं. पहिल्या आकड्यांसमोर लिहिलं की हे का चुकले, सांभाळणारा माणूस कुठं उभा होता, कुणाला ओंजळीत आणि कुणाला चिमट्यानं धरायचा. गाईड सरांनी सही केली, पण महिनाभर आमच्या दोघांशी बोलले नाहीत. एका रात्रीत फ्लेक्स उतरला. तात्यांचा पत्ता मी विचारून ठेवला नव्हता, याची रुखरुख आहे. त्यांनी गोळ्या परत सुरू केल्या की नाही, मला माहीत नाही.

तोंडी परीक्षेला पुण्याचे एक वयस्क परीक्षक आले. मी चहा घेऊन मागं उभा होतो. दोन तास त्यांनी मॅडमना असं धारेवर धरलं की माझ्या हातातला चहा गार झाला. "परिणाम नाही, असा निष्कर्ष घेऊन डिग्री मागता?" असं विचारलं. मॅडम म्हणाल्या, "सर, परिणाम आहे असं लिहिलं असतं तर ते खोटं झालं असतं. मे महिन्यात मेलेल्या उंदरांचं कारणही मी लिहिलंय आणि माझी चूकही लिहिली आहे." परीक्षकांनी ती पानं काढून वाचली. मग त्यांनी सही केली आणि पेनाला टोपण लावलं. मॅडमनी टेबलाची कड घट्ट धरली होती, ती सोडली.

मग परीक्षकांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. "सतरंजीमागचे गृहस्थ हेच का? या, या पुढं. तुम्ही त्यांना सगळ्यात जास्त ओळखता. त्या म्हाताऱ्या उंदरांना पाट आठवला नाही, हे सिद्ध झालं. पण खरं सांगा, त्यांना काहीच आठवत नव्हतं का?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मला इंग्रजी कळत नाही, प्रबंधात काय लिहिलंय ते मॅडमनी वाचून दाखवलं होतं तेवढंच. पण पाण्याच्या तपासणीनंतर काय करतात, ते माझ्याएवढं त्या खोलीत कुणाला माहीत नव्हतं. मेंदू तपासायचे असतात. उंदीर पिंजऱ्यातून काढून कायमचं झोपवणाऱ्या औषधाच्या भांड्यात ठेवायचा आणि झाकण लावायचं, हे माझ्याच कामात येतं.

मी म्हटलं, "सर, शेवटच्या दिवशी मी पिंजऱ्यात हात घातला, तर तरुण पोरी कोपऱ्यात पळाल्या. हैदराबादच्या चावायला उठल्या. आमच्या नऊ जणी आपण होऊन ओंजळीत येऊन बसल्या. अकरा नंबर तर लंगडत सगळ्यांच्या पुढं." गार झालेला चहा मी टेबलावर ठेवला. "आठवत नसतं तर बरं झालं असतं, सर."